भंगारात सापडलेला बँड

दादाला तो बँड भंगारात सापडला. माझा हा मोठा भाऊ जालना एमआयडीसीत सळया बनवणाऱ्या मिलमध्ये कामाला. वितळवायला परदेशातून आलेल्या भंगारात एका चेपलेल्या गाडीच्या टेपमध्ये कॅसेट अडकली होती. ती घरी आणून लावली, तर आई पोळी तव्यावरच टाकून बाहेर पळत आली. "कोन मेलं रे?"

मेलं कुणी नव्हतं. बेल्जियममधली चार पोरं गिटार बडवून बोंबलत होती. मला तर संतापच आला, पण दादा पार खुळावला. पुढं हातात मोबाइल आला तसं त्यानं त्या पोरांचं सगळं शोधून काढलं. आधी गावच्या हॉलात वाजवायचे, मंग पार जपानपर्यंत जाऊन आले, मंग गायकाचं आन् गिटारवाल्याचं बिनसलं आन् बँड मोडला. गायक म्हणे ट्रक चालवायला लागला. हे सांगताना दादा डोळे पुसायचा. मावसभावाचं लग्न विसरलेला माणूस हा! "तिकडंच सोयरीक बघू का तुला?" मी चिडवायचे.

यंदा ते म्हातारपणी पुन्हा एक झाले. नवं गाणं येणार म्हणून दादा दिवाळीसारखी वाट बघत होता. हल्ली मात्र आमचं सारखं वाजायचं. हाक मारली तर ओ द्यायचा न्हाई, जेवायलासुद्धा हातानं खुणावून बोलवावं लागायचं. मिलमधली माणसं तशीच. तिथं मशिनींच्या धडधडाटात काही ऐकूच येत न्हाई, सगळं बोलणं खुणांवर. मूठ दाखवली की थांब, तळवा हलवला की चालू कर. तीच सवय घरी आली असं आम्ही धरून चाललो. मी तर तोंडावर म्हणायचे, माज आलाय तुला.

गाणं आलं त्या दिवशी त्याला सुट्टी होती. ओट्यावर बसून, कानात इअरफोन घालून, डोळे मिटून मान डोलवत होता. मी जवळ बसले तसं त्यानं डोळे उघडले आन् एक इअरफोन माझ्या हातात दिला. "ऐक! काय वाजवून राह्यलेत!"

मी कानाला लावला. शेतकरी बंधूंनो, कपाशीचं खात्रीचं बियाणं. जाहिरात चालू होती! आन् दादा त्याच जाहिरातीवर ठेका धरून मान हलवत होता. मी ओठ दिसू नयेत म्हणून ओढणी तोंडावर घेतली आन् जोरात विचारलं, "दादा, आत्ता काय चालू हाय?"

"हां, जेवतो की नंतर," तो म्हणाला.

अरे देवा. मी ओढणी काढली आन् माझं तोंड बघून त्याला सगळं कळलं. "डोक्यात वाजतं माझ्या," तो हळूच म्हणाला. "कोनाला सांगू नको. कामावरून काढतील."

"आन् मागून तापलेली सळई आली तर? कोनी वरडलं तर तुला कळंल का?" मी ओरडले. तो माझे ओठ बघत होता.

तेवढ्यात जाहिरात संपली आन् गाणं सुरू झालं. गायकाचा आवाज पार गेलेला, वरचा सूर लागतच नव्हता.

"आवाज कसाय त्याचा?" दादानं विचारलं. "पहिल्यावानी हाय ना?"

"न्हाई दादा. फाटलाय."

"तरी गाऊन राह्यला?" त्याचा चेहरा एकदम उजळला. "बघ! मंग मी बी जातो उद्या कामावर."

मी मूठ वळली आन् त्याच्या डोळ्यांसमोर धरली. दादा मुठीकडं बघत राहिला आन् ढसाढसा रडायला लागला. मी मूठ खाली घेतली न्हाई.