एक्कावन्न झोके

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत माझ्या प्रॅक्टिकलच्या वहीत एकही चुकीचं उत्तर नव्हतं. यात माझी हुशारी काही नव्हती. पांढुर्ण्याच्या आमच्या कॉलेजात सगळेच आधी उत्तर लिहीत आणि मग त्याला शोभतील अशी रीडिंग्ज भरत. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वाकर्षणाचा आकडा नऊशे ऐंशी यायला हवा, हे पुस्तकातच छापलेलं. मग लंबकाला कशाला त्रास द्यायचा? थोडी चूक मुद्दाम ठेवायची, म्हणजे खरं वाटतं. सर मुकाट्यानं सही करत. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती आम्ही आणि सरांनी मिळून झाकलेली होती.

त्या वर्षी नोटीस बोर्डावर एक कागद लागला. परदेशातलं एक विद्यापीठ उन्हाळ्यात काही विद्यार्थ्यांना बोलावून घेणार होतं, फिजिक्सच्या संशोधनाचं काम शिकवायला. जाण्यायेण्याचा खर्च त्यांचाच. मला ते इतकं हवंसं झालं की दुसऱ्या दिवशी घरी येताना पॅसेंजरमधून आमच्या तिगावला उतरायचंच विसरले आणि पुढच्या स्टेशनावरून परत आले.

अर्जाबरोबर दोन गोष्टी मागितल्या होत्या. स्वतःच्या हातानं केलेल्या एका प्रयोगाची हकिगत, आणि सरांचं बंद पाकिटातलं पत्र. मी वही घेऊन सरांकडे गेले. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

"या वहीवर मी सही करू शकतो, हिच्या भरवशावर पत्र नाही लिहू शकत," सर म्हणाले. "एक तरी खरं रीडिंग आण. मग लिहितो."

मला असा राग आला! दोन वर्षं सह्या करताना हा खरेपणा कुठे गेला होता? पण अडला हरी. घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं.

बाबांची संत्र्याची बाग होती. शिक्षण चौथीपर्यंत, पण मोजण्यात पक्के. झाडाखाली उभं राहून वर बघत संत्री मोजायचे आणि तोडणी झाल्यावर दहा-वीसचाच काय तो फरक पडायचा. ते म्हणाले, "लंबक लटकवाले जागाच पाह्यजे ना? आपली आटलेली विहीर हाय का नाई? वारा बी नाई लागत तिथं."

सकाळी आम्ही नवी सुती दोरी अंगणात पसरून आठ मीटर मोजली. तिला कापूस तोलायचं पाच किलोचं वजन बांधलं आणि विहिरीत सोडलं. मी घड्याळ धरून पाच मिनिटं सांगायची, आणि बाबांनी काठावर पालथं पडून झोके मोजायचे. आई भाकरी घेऊन आली आणि म्हणाली, "बापलेकीले काई झपाटलं का काय?" बाबांनी बोट वर करून तिला गप्प केलं. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा एक्कावन्न.

संध्याकाळी गणित मांडलं तर उत्तर आलं नऊशे तेरा. असलं उत्तर परदेशात पाठवायचं? मग हाताला सवय होती ते हातानं केलं. एक्कावन्नचे त्रेपन्न केले, नऊशे शहाऐंशी आले, खरं वाटावं इतकी चूक उरली. बाबा शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "वाच बरं, काय लिहिलं ते." मी वाचलं, "पाच मिनिटांत झोके, त्रेपन्न."

"त्रेपन कोणं मोजले?"

उत्तर बरोबर यावं म्हणून, असं काहीतरी मी पुटपुटले.

"मंग मले कायले पालथं पाडलं?" ते ओरडले नाहीत. "माहं मोजणं चुकलं असन तं उद्या पुन्हा मोजतो. पण मी मोजलं नाई ते माह्या नावावर नको टाकू, पोरी."

इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. मी ते पान फाडलं आणि एक्कावन्न लिहून सरांकडे नेलं. नऊशे तेरा बघून सर मनापासून हसले. "वा! आता हे कमी का आलं, ते शोधून काढ."

मी पुस्तकं चाळत बसले. उत्तर बाबांनी दिलं. "दोर मोजला तवा रिकामा होता ना? बादली भरली का दोर लांबते, हे तुमच्या पुस्तकात नाई का?" वजन लटकतं ठेवून पुन्हा मोजलं, तर दोरी चांगली हातभर लांब भरली आणि उत्तर नऊशे चौसष्टवर आलं. मी अर्जात सगळं लिहिलं: आधीचं उत्तर, दोरी, आणि झोके वडिलांनी मोजले हेही. सरांनी पत्र दिलं. अर्ज रजिस्टरनं गेला.

त्यानंतर बाबा रोज पोस्टमनला गाठून विचारत. मला वाटायचं, माझ्यापेक्षा यांनाच परदेशाची घाई. आई चिडवायची, "तुमीच जाऊन राहिले का विमानात?"

उत्तर आलं ते एका छोट्या कागदावर. अर्ज फार आले, जागा थोड्या, या वेळी घेता येत नाही, शुभेच्छा. मी बाबांना "नाई झालं" एवढंच सांगितलं आणि रडू लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग टोपी हातात घेऊन, खाली बघत म्हणाले, "एक विचारू? त्या एक्कावनमुळं तं नाई ना झालं असं? त्रेपन राहू देलं असतं, तं घेतलं असतं का तुले?"

म्हणजे दोन महिने हा माणूस पोस्टमनच्या मागं यासाठी फिरत होता. माझं रडू तिथंच थांबलं. त्या कागदात प्रयोगाबद्दल एक अक्षर नव्हतं. मी तो सरळ धरला, इंग्रजी ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचलं, "ते लिहून राहिले, मुलीच्या वडिलांचं मोजणं एकदम बरोबर हाय. जागाच कमी पडल्या."

बाबांनी कागद हातात घेतला. "कोणती ओळ?"

मी दाखवली.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचली, शब्दाला शब्द तशीच.