जिऱ्याच्या वाटीतली गुलाबी गोळी

सासऱ्यांना सर्दी झाली तेव्हा त्यांना मारून टाकावं असं माझ्या मनात काडीचंही नव्हतं.

मी कंधारला शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे (आणि केवळ त्यामुळेच!) घरची औषधं माझ्या ताब्यात. जुना मसाल्याचा डबा घासूनपुसून मी त्यात गोळ्या भरल्या होत्या. पाकिटं वाटीत मावेनात, म्हणून कात्रीनं एकेक गोळी कापून सुटी केली. तापाची पांढरी मोहरीच्या वाटीत, अंगदुखीची गुलाबी जिऱ्याच्या. नावं कापली गेली, पण रंग होते ना! आल्यागेल्याला मी तो डबा कौतुकानं दाखवायची.

त्या सकाळी मामांना (आम्ही सासऱ्यांना मामा म्हणतो) ताप होता. मी पांढऱ्या दोन दिल्या. अंग ठणकतंय म्हणाले, तासाभरानं गुलाबी दोन. दुपारी माझी नणंद, अक्का, नायगावहून त्यांना भेटायला आली. आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं. लोक केळी आणतात, अक्कानं गोळ्या आणल्या!

"सुनंदा, ही सर्दीची गोळी लई जालीम हाय! मला एका दिसात उभं केलं."

"द्या अक्का, सर्दीची माझ्याकडं न्हाईच."

मामा घाबरत म्हणाले, "एवढ्या गोळ्या गं?"

"मामा, ताप वेगळा, अंगदुखी वेगळी, सर्दी वेगळी!" मी वर्गातल्या आवाजात समजावलं. बिचाऱ्यांनी त्याही दोन गिळल्या. चार वाजता अंग पुन्हा तापलं, म्हणून पुन्हा पांढऱ्या दोन.

पाचला मामांना दरदरून घाम फुटला. "सूनबाई, लई मळमळून राहिलं."

मळमळीची गोळी डब्यात नव्हती. (नशीब!) डबा काखेत आणि अक्काचं पाकीट मुठीत घेऊन मी कोपऱ्यावरच्या मेडिकलला धावले. दुकानवाल्या चाचांनी विचारलं, "दिवसभरात काय काय दिलं?" मी अभिमानानं सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा सारखा करून पाकिटाची मागची बाजू वाचली, मग डब्यात डोकावून गोळ्या नुसत्या बघूनच ओळखल्या.

"मॅडम, या सर्दीच्या गोळीत तापाचंच औषध हाय. गुलाबीत बी तेच. पांढरी तर तीच!"

"पण रंग..."

"रंग काय बघता? मागचं बारीक वाचायचं! एका दिवसात आठ? लिव्हर जाईल त्यांचं! आता काहीच देऊ नका. रिक्षा करा, सीधा दवाखाना! डबा बी संगं न्या."

मी माझ्या हातानं, पाण्याचा ग्लास पुढे करून करून त्या माणसाला विष पाजलं होतं!

डॉक्टरांनी डबा उघडला, हुंगला. "जिऱ्याचा वास येतोय," ते शांतपणे म्हणाले. त्या शांतपणानंच मी मेले. "आजचा रिपोर्ट चांगला आला तरी सोडणार नाही. नुकसान दोन-तीन दिवसांनी दिसतं."

ते तीन दिवस मी आणि अक्का एका बाकावर बसून होतो, पण एकमेकींकडे बघायची हिंमत नव्हती. तिसऱ्या दिवशीचा रिपोर्टही स्वच्छ आला आणि मी वॉर्डातच मोठ्यानं रडले.

मामा घरी आले. जेवताना त्यांचं नाक लाल दिसलं. मी काळजीनं विचारलं, "मामा, सर्दी हाय का अजून?"

"न्हाई न्हाई! एकदम ठणठणीत!" असं म्हणून ते ताट तसंच सोडून उठले, थेट अंगणाच्या पार टोकाला गेले आणि तिथे, मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, तोंडावर धोतराचा सोगा दाबून शिंकले.