भिंतीच्या टाइल्स

आमच्या विश्रांतवाडीच्या घराचं बाथरूम फोडून नवं करायचं ठरलं ते बायकोच्या गुडघ्यांमुळे. नऊ वर्षं मी ते काम टाळत होतो. कुणी विचारलं की सांगायचो, एका मिस्त्रीने माझ्या आईला पाडलं, तेवढं पुरे झालं.

त्या मिस्त्रीने बाथरूमच्या फरशीचा उतार चुकवला, नळाखाली पाणी साचलं, आई घसरली, खुब्याचं हाड मोडलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. पुढचे पाच महिने ती बाहेरच्या खोलीत कॉटवर होती. ओल्या कापडाने अंग पुसून घ्यायची आणि दर वेळी विचारायची, "फरशी वाळली का रे?" ती गेल्यावरही मी आंघोळीला गेलो की आधी खाली बघायचो, आणि पाय भिंतीच्या कडेकडेने टाकायचो. बादली भरताना मागे कुणीतरी चौकट धरून उभं आहे असं वाटायचं. वळून बघायची हिंमत व्हायची नाही. हे बायकोलाही कधी बोललो नाही.

नवा मिस्त्री सकाळी आला. साठीचा, कमी बोलणारा. बुधवार पेठेत हातगाडीवर होल्डर आणि वायरी विकत मी वर आलो. समोरच्याने तोंड उघडायच्या आत त्याला खाली ओढायची माझी सवय.

"आधीच सांगतो, मागच्यानं उतार चुकवला होता. तसलं काम इथे चालणार नाही."

त्याने तांब्याभर पाणी मागितलं, थोडं दारापाशी, थोडं नळाखाली ओतलं आणि उकिडवा बसून बघत राहिला. पाणी सरळ जाळीकडे गेलं. कुठे थांबलं नाही. नऊ वर्षं मी रोज खाली बघत होतो आणि एवढं मला दिसलं नव्हतं.

"उतार छान आहे साहेब. जाणता माणूस होता." मग त्याने ओल्या फरशीवरून अंगठा फिरवला. "पण ही भिंतीची टाइल आहे. साबणाचं पाणी पडलं की नुसती काच. ही खाली लावायला कुणी सांगितली?"

बायको दारात उभी होती. "अहो, सांगा ना," ती म्हणाली.

"तुला काय ठाऊक?"

"मी चहा घेऊन आले होते तेव्हा. तो आधीचा मिस्त्री म्हणत होता, शेठ, ही खाली नको, घरात म्हातारं माणूस आहे. तुम्ही म्हणालात, मिस्त्री, मला धंदा शिकवू नका."

नारायण पेठेतल्या एका दुकानदाराचा उरलेला माल मी घासाघीस करून उचलला होता. भिंती झाल्यावर जो राहिला तो वाया जाऊ नये म्हणून खाली लावून घेतला. मी हे विसरलो होतो असं नाही. सांगताना तेवढं गाळत गेलो, आणि गाळता गाळता ते घडलंच नव्हतं असं मला वाटायला लागलं.

"मग नऊ वर्षं गप्प का बसलीस?" मी ओरडलो.

"आईंच्या तेराव्याला पन्नास माणसांत तुम्ही त्याला शिव्या घालत होतात. तेव्हा बोलायला हवं होतं का?"

आई पडल्याचं कळल्यावर तो मिस्त्री मोसंबी घेऊन तिला भेटायला आला होता. मी त्याला जिन्यातूनच हाकललं. मग सोसायटीत घरोघर सांगून त्याची कामं बंद केली.

दुसऱ्या दिवशी आळंदी रस्त्यावरच्या मजूर अड्ड्यावर गेलो. उंच, शांत, फरशीकाम करणारा, पूर्वी इथेच उभा राहायचा, असं विचारत फिरलो.

"नाव काय त्यांचं?"

मला माहीत नव्हतं. मी त्याला मिस्त्री म्हणूनच हाक मारायचो.

एका म्हाताऱ्याला अंदाज आला. "ते होय. ते गावी गेले. इकडे काम लागेना त्यांना."

"कुठलं गाव?"

"ते नाही माहीत. काम काय आहे? मी करतो की."

"काम नाही," मी म्हणालो. "त्याचं काही चुकलं नव्हतं. एवढं सांगायचं होतं."

"हे आम्हाला सांगून काय उपयोग, साहेब?" म्हातारा म्हणाला. तेवढ्यात टेम्पो थांबला, आणि थापी-ओळंब्याची पिशवी उचलून तो तिकडे धावला.