आबांचं धोतर आणि माझे बिबडे

कोरोनामुळे ज्या दिवशी सगळं बंद झालं, त्या दिवशी माझे वडील, आबा, आमच्याकडे पिंप्राळ्यात होते. पिंपळनेरहून तीन दिवसांसाठी आले होते. एक धोतर अंगावर, एक पिशवीत.

आबांचं वय एक्क्याऐंशी. छाती कमजोर. डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं, "त्यांना उंबऱ्याबाहेर सोडू नका." डॉक्टरांना सांगायला काय जातं! आबा रोज पहाटे टोपी घालून, पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसायचे.

"बस लागनी का रे?"

"आबा, बस बंद आहेत."

"मंग पायी जास मी." (पिंपळनेर! दीडशेच्या वर किलोमीटर! पायी!)

मी कॉलेजात ग्रंथपाल. माझा सगळा भरवसा पुस्तकांवर. एकांतात राहून थोर कामं केलेल्या माणसांबद्दल मी आबांना तासभर वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यासले वावर व्हतं का?"

थोरांच्या शेतांबद्दल पुस्तकात काही नव्हतं. त्यानंतर मी वाचन थांबवलं.

पाचव्या दिवशी ते गल्लीच्या टोकापर्यंत पोचले, तेव्हा मात्र माझा धीर सुटला. त्याच दुपारी बायको, सुनंदा, म्हणाली, "यंदा बायका जमणार नाहीत. आपणच बिबडे टाकू. आबांचं जुनं धोतर मागून आणा."

ज्वारीचं शिजवलेलं पीठ ओल्या धोतरावर थापायचं आणि गच्चीत वाळवायचं, की झाले बिबडे. पण 'धोतर' हा शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धोतराशिवाय आबा घराबाहेर कसे पडतील? आयुष्यात मी रचलेला हा एकमेव कट!

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा अंघोळीला गेले आणि मी दोन्ही धोतरं गच्चीवर नेली.

"पातेलंभर तर पीठ आहे," सुनंदा म्हणाली. "दोन धोतरं कशाला?"

"ऐसपैस टाकू!"

मी थापायला बसलो. तिचे बिबडे गोल होत होते. माझ्या एकेकाला समुद्रकिनारा होता, बेटं होती. खालून हाक आली, "मनं धोतर कथं शे?"

"वर आहे आबा! बिबड्यांखाली! संध्याकाळी मिळेल!"

खाली सगळं शांत झालं. मी विजयी मुद्रेने सुनंदाकडे पाहिलं. (ती पीठ हलवत होती. तिने पाहिलं नाही.)

दहा मिनिटांनी समोरचे नाना त्यांच्या गॅलरीतून ओरडले, "भाऊ, तुमची पँट चौकाकडे चालली!"

"काय?"

"करडी! पट्टा लावून! आत आबा शेतस!"

जन्मात ज्यांनी पँटीत पाय घातला नव्हता, त्यांनी माझी कॉलेजची पँट चढवली होती! मी तसाच पळालो. बनियन, अर्धी चड्डी, कोपरापर्यंत पीठ, पायात चप्पल नाही, तोंडाला मास्क नाही.

चौकात हवालदारांनी धरलं, ते मला.

"कुठे निघाले?"

"वडील... माझी पँट... बिबडे..."

"उठाबशा काढा. वीस."

सातव्या उठाबशीला आबा दिसले. नाकातोंडावर उपरणं नीट बांधलेलं, हातात औषधाची चिठ्ठी, मेडिकलसमोर अंतरासाठी आखलेल्या गोलात शिस्तीत उभे. ते सावकाश हवालदारांजवळ आले. म्हणजे सहा फुटांवर.

"सायेब, हाऊ मना पोऱ्या शे. घरमा त्याना जीव रमत नही. दिनभर येरझाऱ्या घालस. सोडा त्याले, मी लई जास."

"आबा, जरा लक्ष ठेवत जा यांच्यावर," हवालदार म्हणाले.

आबांनी माझा पिठाचा हात धरला आणि सबंध गल्लीतून मला घरी आणलं. गॅलऱ्या भरलेल्या होत्या. नानांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून आबा एकदाही बाहेर पडले नाहीत. मी निसटू नये म्हणून ते खुर्ची टाकून दार अडवून बसायचे. मी नुसतं चपलेकडे पाहिलं तरी, "बठ खाले!" बंदी उठेपर्यंत त्यांना साधी शिंकही आली नाही. डॉक्टरांनी फोनवर माझं कौतुक केलं, ते मी ऐकून घेतलं.

मागच्या वर्षी आबा गेले. वय झालं होतं, झोपेत गेले.

मी आता निवृत्त आहे. रोज सकाळी चौकापर्यंत जातो. धरून आणायला कोणी येत नाही. थोडा वेळ उभा राहतो आणि माझा मीच परत येतो.