आण्णांच्या आवाजावर नारळाचं पाणी

जुनी हार्ड डिस्क म्हणल्यावर तुमी कान टवकारले असणार. पोराचं काहीतरी झाकलेलं घावलं, आता तेच सांगतोय. तसलं काय न्हाई, बसा खाली. त्यात आमच्या आण्णांचा आवाज हुता.

आण्णा म्हणजे माजे वडील. मिरजगावात टेम्पोवर भोंगा लावून जाहिरात करायचे. कुस्त्या, बाजार, हरवलेली शेळी, दहाव्याचा निरोप, सगळं त्यांच्याच गळ्यातनं. दोन वर्षांखाली गळ्याचं ऑपरेशन झालं. आता बोलले की ट्यूबमधनं हवा निघाल्यागत फुसफुस येती, बस. म्हणून आधी भरून ठेवलेली रेकॉर्डिंगं म्हणजेच आण्णांचा आवाज. तीनशेवर फाईली, एकाच डिस्कवर. दुसरीकडं कुठंच न्हाईत.

जुना कॉम्प्युटर मेला म्हणून नवा आणला. जुन्यातली डिस्क काढायची, केबलनं जोडायची, फाईली ओढायच्या. दुपारभराचं काम. तेवढ्यात आई ताट घेऊन आली.

"नवी वस्तू हाय. पूजा केल्याबिगर बटन दाबायचं न्हाई."

आमच्यात ट्रॅक्टर असू दे न्हाईतर मिक्सर, नारळाबिगर चालू होत न्हाई. त्यात मी लई हुशार. म्हणलं, खरा देव तर जुन्या डिस्कमधी हाय! तिलापण पाटावर ठेवली, उताणी, सर्किटची हिरवी पट्टी वर. हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, करवंटीतलं पाणी शिंपडलं. कॉम्प्युटरला पत्र्याचं अंग, त्याला काय झालं न्हाई. डिस्क उघडीच हुती. टॉवेलनं पुसली आणि लगेच केबल लावली.

अकरा फाईली आल्या. बाराव्याला टक, टक, टक. मग जळका वास. मग काहीच न्हाई.

"झालं का रे?" आतनं आई.

"होतंय."

केबल काढून लावली. दुसऱ्या भोकात लावली. फुंकर मारली. भिजलेला मोबाईल तांदळात ठेवत्यात म्हणून डिस्क ज्वारीच्या डब्यात पुरली. दर दहा मिनिटांनी उकरून बघायचो, पेरलेलं उगवलं का बघावं तसं.

सकाळच्या पहिल्या एसटीनं नगर गाठलं. दुरुस्तीवाल्यानं डिस्क उलटी केली.

"हिला नैवेद्य कुनी दाखवला?"

मी नखानं कुंकू खरवडायला गेलो. त्यानं डिस्क मागं ओढली.

"पट्टी जळालीय. आतलंबी गेल्यागत वाटतंय. पुण्याला पाठवून बघ, पण आशा धरू नकोस."

अख्ख्या गावाची नक्कल करतो मी. सरपंच, कंडक्टर, आमचे हेडमास्तर. घरी येऊन टेम्पोत बसलो, काचा वर केल्या आणि आण्णांची करायला लागलो. पहिले दोन शब्द जमले. पुढं ते आवाज कुठं चढवायचे, कुठं सोडायचे, आठवंचना. दोनच वर्षं झालती, आणि घरातल्या माणसाचा आवाज माज्या कानातनंबी गेलता. स्टेअरिंगवर डोकं टेकून रडलो. ते मात्र कुणाची नक्कल न्हवतं.

तिसऱ्या दिवशी आण्णांनी खुणेनं बाजाराचं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. ते त्या अकरांत न्हवतं, मग मला सांगावंच लागलं, सगळं. ते खुर्चीत बसले. मग फुसफुसायला लागले. मला कळंना, म्हणून आई त्यांच्या तोंडाशी कान नेऊन मोठ्यानं सांगू लागली.

"म्हणत्यात, गाढवा, विजेच्या वस्तूवर पाणी टाकायला कुठल्या शाळेत शिकवलं?"

फुसफुस.

"म्हणत्यात, तीन दिवस तोंड शिवून बसलास. मी मेल्यावर सांगनार हुतास का?"

फुसफुस, आणि बोट आईकडं. आई थांबली.

"म्हणत्यात, आईचं काय चुकलं न्हाई."

आण्णांनी कपाळावर हात मारला. परत फुसफुसले, लांबलचक, डोळं पुसत. ह्या वेळी आईचा आवाज बारीक झाला.

"म्हणत्यात, हायेत त्या अकरा तरी आज चार ठिकाणी घालून ठेव. आणि परत कॉम्प्युटरच्या टेबलाजवळ पूजेचं ताट दिसलं, तर दोघांनाबी घराबाहेर काढीन."