एकटेपणाची प्रश्नावली

जर्नलचा मेल मी तीनदा वाचला. परीक्षकानं माझ्या पेपरबद्दल विचारलं होतं: इतक्या बायकांची उत्तरं ओळीनं सारखी कशी? फॉर्म कसे भरून घेतले?

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. पीएचडीचा विषय होता खेड्यातल्या बायकांचा एकटेपणा. चांगल्या जर्नलमध्ये पेपर आला नाही तर पीएचडी लटकणार होती, आणि मुदत संपत आली होती. मला परीक्षेची ड्यूटी लागली म्हणून देवळीजवळच्या आमच्या गावातले फॉर्म सासूबाईंनी भरून घेतले होते.

"आई, कसे भरले हो फॉर्म?"

"कसे म्हंजे? साऱ्याजनी ओसरीत बसवल्या. एकीनं वाचलं, साऱ्याइनं मिळून ठरवलं, मंग लिवलं. एकीचं एक, दुसरीचं दुसरं, बरं दिसते का?"

मी कपाळावर हात मारला. एकटेपणाची प्रश्नावली, आणि ती घोळक्यात बसून एकमतानं भरलेली! गावात कुणीच एकटं नाही, असा निकाल निघाला होता. सासूबाईंचा राग आला, पण स्वतःचा जास्त. काही न विचारता आकडे भरणारी मीच ना!

कॉलेजातली सोबतची प्राध्यापिका म्हणाली, "डोकं धरून काऊन बसली? दुसरीकडे पाठवून दे." तेही सोपं होतं. आमच्या सरांच्या काळी मानसशास्त्राचं जर्नल पोस्टानं यायचं, आणि सर ते ग्रंथालयात दिवसभर वाचत बसायचे. आता रोज सकाळी मेलमध्ये एक नवं जर्नल हजर: पाठवा, चार दिवसांत छापतो. विचारपूस करायची भानगडच नाही. खरं सांगते, मोह झाला. पण माझ्याच वर्गातल्या मुली उद्या तो पेपर खरा मानून शिकल्या असत्या. शेवटी संपादकांना लिहून टाकलं: चुकलं, पुन्हा भरून घेते, वेळ द्या. उत्तर येईपर्यंत दर तासाला मेल उघडून पाहत होते. वेळ मिळाला, तेव्हा मी स्टाफरूममध्येच "सुटले बाई!" म्हणून ओरडले.

मग घरोघरी जाऊन एकेकीजवळ बसले. ओसरीत खिदळणाऱ्या बायका एकट्या असताना वेगळंच बोलल्या. नवे आकडे पाठवले, पेपर स्वीकारला गेला, पीएचडी वाचली. तो मेल सासूबाईंना वाचून दाखवला.

"साऱ्या गावाले विचारलं, मले नाई विचारलं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही घरच्या. तुमचा फॉर्म धरता येत नाही."

"नको धरू. नुसतं विचार."

विचारत गेले. बोलावंसं वाटतं आणि जवळ कुणीच नसतं, असं होतं का?

"होते."

"कधी कधी?"

"रोजच. तुयी पीएचडी सुरू झाली तवापासून," म्हणाल्या आणि हसल्या.

मला रडू आलं. एका घरात राहून मला पत्ता नव्हता. पहिला पेपर तसाच छापला असता, तर यांच्याही एकटेपणावर मीच फुली मारली असती. मी कागद बाजूला ठेवला. "बोला आई, बसले मी."

त्या सुरू झाल्या, आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी थांबल्या नाहीत. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू!