समुद्राकडची खिडकी

रत्नागिरीहून पणजीला सागरी महामार्गानं, गाडीनं एका दिवसात रमतगमत जायचं ठरत होतं. मोबाइलवरच्या नकाशात मी आईला दाखवत होतो, इथे चहा, इथे जेवण. किनाऱ्यावर गावांच्या नावांची दाटी, आणि शेजारी समुद्र नुसता निळा, कोरा. तिथे कुणीच नसल्यासारखा.

वडिलांची होडी परतली नाही, तेव्हापासून आई समुद्राकडे पाठ करूनच बसते. नारळी पौर्णिमेलाही दर्याला नारळ वाहायला येत नाही. म्हणून म्हटलं, "तुला डोंगराकडच्या खिडकीत बसवतो."

मग तव्याला लावावं तसं जपून तिनं त्या निळ्यावर बोट टेकवलं.

"हे इथंच असतील कुठंतरी. मला या बाजूला बसव. आणि वाटेत नारळ घे."